आयोवाच्या खेड्यात बिऱ्हाड: प्रोपेन, विहीर, चर्चचा पॉटलक आणि रानातली अळंबी

मकाशेत
आयोवात ९९ काउंट्या. मराठी माणसं बहुतेक डे मॉइन, एम्स, सीडर रॅपिड्स, आयोवा सिटी इथेच भेटतात. पण गावच्या इस्पितळात रुजू होणारे डॉक्टर, बियाणे कंपन्यांतले लोक, ट्रॅक्टर कारखान्यातले इंजिनियर अशी कुटुंबं आता दोन-तीन हजार वस्तीच्या गावांत, किंवा गावाबाहेर खडीच्या रस्त्याकडेच्या घरांतही राहायला येतात. अशा घरात गॅसची पाइपलाइन नाही, नळाचं पाणी नाही, गटार नाही. तिन्ही गोष्टी आपल्याच आवारात असतात आणि तिन्हींची काळजी आपणच घ्यायची. ज्याला जे नीट माहीत आहे ते त्याने इथे लिहावं. सुरुवात गॅसपासून करतो.

आवारात पांढरी, आडवी, कॅप्सूलच्या आकाराची टाकी दिसते ती प्रोपेनची. बहुतेक घरांना ५०० गॅलनची असते. ती ८० टक्केच भरतात, कारण ऊन तापलं की द्रव प्रसरण पावतो आणि त्याला जागा लागते. म्हणजे 'भरलेली' टाकी ४०० गॅलनची. वरचं झाकण उचललं की काटा दिसतो, तो टक्के दाखवतो, गॅलन नव्हे.

आता हिशोब. एका गॅलनमधून साधारण ९१,५०० बीटीयू उष्णता मिळते. ८०,००० बीटीयूची भट्टी, म्हणजे फर्नेस, दिवसातून एकूण दहा तास पेटत असेल तर रोज पावणेनऊ गॅलन जातात. ८० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत वापरायला ३०० गॅलन मिळतात, म्हणजे जानेवारीत जेमतेम ३४ दिवस. म्हणून काटा ३० वर आला की गॅसवाल्याला फोन करायचा. वाट बघत बसलात आणि त्याच आठवड्यात वादळ आलं तर गॅसची गाडी अंगणातल्या वाटेवरून आत येऊ शकत नाही. टाकी पूर्ण रिकामी झाली तर नुसती भरून चालत नाही, आधी गळतीची तपासणी करावी लागते आणि मगच पायलट, म्हणजे कायम तेवणारी छोटी ज्योत, पेटवतात. त्याचे पैसे वेगळे, आणि तोवर घर थंड.

भाव उन्हाळ्यात बांधून घ्या. याचं कारण इथल्या शेतीत आहे. मका ओला निघाला की तो वाळवायला शेतकरी प्रोपेनच जाळतात. २०१३ च्या शरदात पीक मोठं आणि ओलं होतं, पाठोपाठ कडाक्याची थंडी आली आणि २०१४ च्या जानेवारीत सगळ्या मिडवेस्टमध्ये प्रोपेनचा तुटवडा झाला. ज्यांनी आधी करार केले होते त्यांना त्या भाववाढीची झळ कमी बसली.

बर्फ पडल्यावर तीन जागा साफ करायच्या: टाकीपर्यंतची पायवाट, टाकीवरच्या रेग्युलेटरचं तोंड, आणि घराच्या भिंतीतून बाहेर आलेले फर्नेसचे दोन पांढरे पाइप. हे पाइप बर्फाच्या ढिगाने बुजले की फर्नेस बंद पडते, किंवा धूर आत कोंडतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर हवा, तळघरातही.

पाणवठा
विहीर म्हणजे इथे बोअर, आत बुडालेला पंप आणि तळघरात निळी किंवा करडी प्रेशर टाकी. प्रेशर स्विच बहुधा ४०/६० चा असतो: दाब ४० पीएसआयवर आला की पंप सुरू, ६० ला बंद. पंप दर अर्ध्या मिनिटाला चालू-बंद होत असेल तर टाकीतली हवा गेलेली असते किंवा आतला रबरी पडदा फाटलेला असतो. पंपाची वीज बंद करा, पाणी पूर्ण सोडून द्या आणि हवेचा दाब मोजा. तो ३८ हवा, म्हणजे चालू होण्याच्या दाबापेक्षा २ ने कमी. हे दुर्लक्षून चालवत राहिलात तर पंप जळतो, आणि तो बोअरमधून वर काढायला क्रेन येते.

वीज गेली की पाणीही गेलं. हे पंप बहुतेक २४० व्होल्टचे असतात, छोट्या १२० व्होल्टच्या जनरेटरवर चालत नाहीत. पिण्याचं पाणी कॅनमध्ये आणि फ्लशचं बादल्यांत, दोन्ही भरून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं नायट्रेट. मक्याला घातलेलं नत्र आणि जनावरांचं शेण झिरपून विहिरीत उतरतं. मर्यादा आहे लिटरला १० मिलिग्रॅम, नायट्रोजन म्हणून मोजलेलं. त्याहून जास्त असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तातलं ऑक्सिजन वाहणं बिघडू शकतं, बाळ निळं पडतं. आणि इथे आपली सवय उलटी पडते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट वाफ उडून उरलेल्या पाण्यात ते दाट होतं. साधा जग-फिल्टरही उपयोगाचा नाही, रिव्हर्स ऑस्मोसिससारखी यंत्रणा लागते. वर्षातून एकदा नायट्रेट आणि कोलिफॉर्म जंतू तपासा, शक्यतो मे-जूनच्या पावसानंतर. काउंटीच्या आरोग्य खात्यात आधी विचारा, आयोवात खाजगी विहिरींच्या तपासणीसाठी राज्याचा निधी काउंट्यांना मिळतो.

सेप्टिक टाकी तीन ते पाच वर्षांनी उपसून घ्यायची. तळणीचं तेल, फोडणीचा गाळ, चहाचा चोथा, तांदळाची पेज हे सिंकमध्ये नको. तेल गोठून वरचा थर जाड होतो, तो पुढच्या चरांत, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खाचांत, गेला की जमीन पाणी शोषेनाशी होते. चर नव्याने खणायचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. घर विकत घेत असाल तर २००९ पासून आयोवात विक्रीच्या वेळी सेप्टिकची तपासणी बंधनकारक आहे. त्याचा अहवाल मागून वाचा, नुसतं 'झालंय' यावर थांबू नका.

नवीन_बिऱ्हाड
फार उपयोगी माहिती, दोघांचेही आभार. आणखी काही प्रश्न. शेजारच्या आजींनी चर्चच्या पॉटलकचं, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाचं, आमंत्रण दिलंय. आम्ही शाकाहारी. काय न्यायचं, तिथे काय खाता येईल, आणि आपला धर्म वेगळा असताना जाणं बरोबर दिसेल का? दुसरं, मुलं नऊ आणि बारा वर्षांची आहेत, त्यांना इथे करण्यासारखं काय?

दुधी_हलवा
जरूर जा. आधी काय खाता येईल ते सांगते, कारण दिसायला शाकाहारी असलेले पदार्थ बहुतेक वेळा तसे नसतात. चीज घातलेले बटाटे प्रत्येक पॉटलकला असतातच: दोन पौंड गोठवलेला बटाट्याचा कीस, आंबट साय, दोन कप चेडर, वर कॉर्नफ्लेक्स, आणि एक डबा क्रीम ऑफ चिकन सूप. ते सूप मिसळून जातं, दिसत नाही. फरसबीत बेकनचे तुकडे असतात. जेलोची रंगीत सॅलडं जिलेटिनची. पायचा खुसखुशीत पापुद्रा पुष्कळदा डुकराच्या चरबीचा. भाजलेल्या बीन्समध्ये डुकराचं मांस. तेव्हा निर्धास्त खाता येईल असं म्हणजे ताजी फळं, मक्याची कणसं, पाव-लोणी, कोबीचं सॅलड, आणि आपण नेलेला पदार्थ. म्हणून पोट भरेल असंच काहीतरी न्या. विचारायला संकोच करू नका, करणारी बाई तिथेच उभी असते आणि आनंदाने सांगते.

नेण्याचं भांडं ९ बाय १३ इंचाचं, किंवा सहा क्वार्टचा स्लो कुकर. भांड्याच्या तळाला चिकटपट्टी लावून आडनाव लिहा, कारण धुवून झाल्यावर टेबलावर एकसारखी वीस भांडी उरतात. बटाट्याची पिवळी भाजी उत्तम चालते: पाच पौंड बटाटे, दोन मोठे कांदे, हळद, मोहरी, आलं, लिंबू, आणि मिरच्या फक्त दोन, त्याही अख्ख्या, म्हणजे काढता येतात. मसालेभातही चालतो, पण काजू घातलेत तर पुढ्यात कार्ड ठेवा. गोडात गाजर हलवा, चौकोनी वड्या पाडून. इथे पॅनमध्ये भाजून चौकोन कापलेल्या कुठल्याही गोडाला 'बार्स' म्हणतात, त्यामुळे वड्या लगेच आपल्याशा वाटतात. साबुदाण्याची खिचडी मात्र नको, तासाभरात तिचा गोळा होतो.

स्लो कुकर गार पदार्थ गरम करायला वापरायचा नाही. तो इतका हळू तापतो की अन्न ४० ते १४० अंश फॅरनहाइटच्या धोक्याच्या पट्ट्यात तासन्‌तास राहतं. घरी शेगडीवर उकळी आणा, मग कुकरमध्ये ओतून 'वॉर्म'वर ठेवा.

घंटाघर
धर्माच्या प्रश्नाबद्दल. पॉटलक म्हणजे उपासना नव्हे, ते उपासनेनंतरचं तळघरातलं जेवण. जेवणाआधी छोटी प्रार्थना होते, तेव्हा उभं राहून मान लववली की पुरे. आपल्याकडे पंगतीत श्लोक म्हणतात त्याच जागी ती आहे. वरच्या उपासनेला बसलात तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. देणगीचं ताट फिरतं, त्यात काही न टाकता पुढे दिलंत तरी चालतं. आणि कम्युनियन, म्हणजे पाव आणि वाइन किंवा द्राक्षरसाचा प्रसाद, हा आपल्या देवळातल्या प्रसादासारखा सगळ्यांसाठी नसतो. बाप्तिस्मा न झालेल्यांनी जागेवर बसून राहायचं, त्यात कुणाचा अपमान नाही. तो घेणं मात्र कॅथलिक चर्चमध्ये आणि कित्येक लुथरन चर्चमध्ये चुकीचं धरतात.

खेड्यात आठवड्याचा आराखडाही चर्चवर बेतलेला असतो. बुधवारची संध्याकाळ 'चर्च नाइट', त्या दिवशी शाळा सहसा खेळांचे सामने किंवा सराव ठेवत नाहीत. मुलाचा वाढदिवस बुधवारी ठेवलात तर अर्धी मुलं येणार नाहीत. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या काळात, बुधवारी सूपचं जेवण आणि शुक्रवारी कॅथलिक लोकांचं माशांचं जेवण. अग्निशमन दल इथे स्वयंसेवकांचं असतं, त्यांच्या पॅनकेक न्याहारीला तिकीट नसतं, दारात टोपली असते. त्यात मनासारखे पैसे टाका. आग लागली तर हेच शेजारी पाइप घेऊन येणार आहेत.

कुणी वारलं तर जेवण चर्चच्या बायका करतात. त्या वेळी एक पॅन बार्स पोचवणं हे समाचाराला जाण्याइतकंच महत्त्वाचं. ओळख थोडी असली तरी पाठवा.

नवीन_बिऱ्हाड
मन हलकं झालं. स्लो कुकर तिथे लावायला प्लग मिळतो ना?

दुधी_हलवा
मिळतो, पण कुठे लावायचा ते विचारा. जुन्या तळघरांत एका भिंतीचे सगळे प्लग १५ अँपिअरच्या एकाच सर्किटवर असतात, म्हणजे १८०० वॉट. कॉफीचं मोठं पिंप एकटंच १५०० घेतं, सहा क्वार्टचा कुकर साधारण २५०. पिंप आणि दोन कुकर झाले की २०००, आणि ब्रेकर पडतो. पडलेला कुणाच्या लक्षात आला नाही तर अन्न तासभर गार होत राहतं. कॉफीच्या विरुद्ध भिंतीला जागा धरा.

खडीवाट
रस्त्यांबद्दल थोडं. हे रस्ते एकेक मैलाच्या चौकटीत आखलेले आहेत, एका चौकटीत ६४० एकर. त्यामुळे दिशा चुकत नाही, पण चौकात थांबा-पाटी असेलच असं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मका डोक्यावरून जातो आणि आडव्या रस्त्यावरची गाडी अजिबात दिसत नाही. प्रत्येक चौकात वेग कमी करा. सगळे खडीवर मधून चालवतात, पण चढाच्या माथ्यावर उजवीकडे सरकायलाच हवं. जोरात ब्रेक मारू नका, चाकं गोट्यांवर असल्यासारखी सरकतात.

'लेव्हल बी' अशी पाटी दिसली तर पाऊस झालेला असताना वळू नका. तो नुसता मातीचा, जेमतेम देखभाल होणारा रस्ता असतो. फोनवरचा नकाशा जवळचा म्हणून तिथेच नेतो आणि काळ्या चिखलात गाडी दारापर्यंत रुतते. नोव्हेंबरात हरणं माजावर असतात, संध्याकाळी आणि पहाटे रस्त्यावर येतात. आडवं आलं तर ब्रेक दाबा, पण सुकाणू वळवू नका. चरात उलटण्यापेक्षा हरणाला धडकणं कमी धोक्याचं. समोरून येणारा स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलेल, तो नमस्कार. आपणही उचलायची.

भोंगा
वादळाचं सांगायचं राहिलं. 'वॉच' म्हणजे पुढच्या काही तासांत टोरनॅडो (भोवऱ्यासारखं फिरणारं वादळ) किंवा मोठं वादळ होण्यासारखी हवा आहे. 'वॉर्निंग' म्हणजे आत्ता तळघरात. गावचा भोंगा बाहेर असलेल्या लोकांसाठी आहे, चार मैलांवरच्या घरात झोपेत ऐकू येत नाही. त्यासाठी वेदर रेडिओ घ्या, त्यात आपल्या काउंटीचा कोड भरा, बॅटरी घाला आणि निजायच्या खोलीत ठेवा. तळघरात खिडकीपासून लांब, जिन्याखाली बसायचं, पायात बूट आणि मुलांच्या डोक्यावर सायकलचं हेल्मेट. १० ऑगस्ट २०२० चं डेरेचो हे टोरनॅडो नव्हतं, सरळ रेषेतला वारा होता, आणि सीडर रॅपिड्सच्या बाजूला त्याचा वेग ताशी १४० मैलांच्या घरात गेल्याचा अंदाज आहे. तेव्हा 'वादळी वारे'च आहेत म्हणून वर थांबू नका.

रानवाटा
मुलांसाठी विचारलंत म्हणून मोरेल अळंबीबद्दल सविस्तर लिहितो. इथल्या वसंतात यासारखा खेळ नाही, आणि मोठ्यांपेक्षा मुलांनाच त्या आधी दिसतात, कारण त्यांची नजर जमिनीजवळ असते.

हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत. माती पन्नास-पंचावन्न अंश फॅरनहाइटला आली आणि उबदार पाऊस होऊन गेला की दोन-तीन दिवसांनी निघा. आधी दक्षिणेकडचे उतार, ते लवकर तापतात. हंगाम सरत आला की उत्तरेकडचे. झाड शोधायचं ते एल्मचं, नुकतंच मेलेलं, ज्याची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटायला लागली आहे पण सगळी गळलेली नाही. साल पूर्ण गेलेल्या, पांढऱ्या पडलेल्या खोडाखाली सहसा काही नसतं. एक दिसली की तिथेच थांबा, गुडघ्यावर बसा आणि हळूहळू सगळीकडे बघा. वाळक्या पानांत त्यांचा रंग असा मिसळतो की उभ्याने बघताना पायाखाली दहा असतात.

ओळख चाकूनेच करायची. उभी चिरा. खरी मोरेल टोपीच्या टोकापासून देठाच्या तळापर्यंत सलग पोकळ असते आणि टोपी देठाला खाली चिकटलेली असते. वर मधमाशांच्या पोळ्यासारखे खड्डे. खोटी मोरेल मेंदूसारखी वळ्यावळ्यांची, तांबूस, आत कापसासारखा भरणा किंवा कप्पे. ती विषारी आहे. थोडीही शंका आली तर टाकून द्या, आणि पहिल्या वर्षी माहीतगार शेजाऱ्याला दाखवल्याशिवाय खाऊ नका. मुलांना सुरुवातीपासून सांगून ठेवा: तोडायची, पण तोंडात घालायची नाही.

खरी मोरेलसुद्धा कच्ची खाल्ली तर उलट्या होतात. लोण्यात पूर्ण शिजवायची, आठ-दहा मिनिटं तरी. पहिल्यांदा दोन-तीनच खा, आणि त्यासोबत मद्य नको. आत किडे-मुंग्या असतात, म्हणून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायची.

परवानगीशिवाय कुणाच्या रानात शिरू नका, दारावर जाऊन विचारा आणि परतताना मूठभर देऊन या. घरच्यापुरती वेचायला आयोवाच्या राज्य उद्यानांत मुभा आहे. याच दिवसांत टर्की पक्ष्यांची शिकार चालते, तेव्हा भडक केशरी घाला. लाल, पांढरा आणि निळा नको, नर टर्कीच्या डोक्याचे तेच रंग. पँट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर काखा, गुडघ्यांमागचा भाग आणि केसांत गोचीड बघा. तीन पानांची चकचकीत वेल दिसली तर हात लावू नका, पुरळ दोन आठवडे जात नाही.

हिवाळ्यात बर्फावरची मासेमारी. स्वच्छ, काचेसारखा बर्फ चार इंच जाड असेल तरच पायी जायचं. दुधाळ पांढरा असेल तर दुप्पट जाडी हवी. दर थोड्या पावलांवर छिद्र पाडून मोजत पुढे जा, एका जागी चार इंच म्हणजे सगळीकडे चार इंच नव्हे. सोळाच्या आतल्या मुलांना परवाना लागत नाही.

दुधी_हलवा
रात्रभर मिठाच्या पाण्याला माझा विरोध आहे. मोरेल स्पंजासारखी पाणी पिते, मग लोण्यात परतली जात नाही, उकडली जाते आणि तिचा गंधही पाण्यात उतरतो. उभी चिरून दहा-पंधरा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवली की किडे वर येतात. मग फडक्यावर पसरून कोरडी करा.

रानवाटा
चिरून ठेवली तर तेवढा वेळ पुरतो, मान्य. अख्खी ठेवली तर पुरत नाही.

घंटाघर
मुलांसाठी ४-एच हे शेती आणि कलाकौशल्यांचं मंडळही आहे. काउंटीच्या एक्स्टेन्शन (विद्यापीठाच्या विस्तार सेवेच्या) कार्यालयात नाव नोंदवायचं, चौथीपासून बारावीपर्यंत. गाय-डुक्कर पाळायलाच हवं असं नाही. जुलैच्या काउंटी जत्रेत शिवण, सुतारकाम, फोटो, खाद्यपदार्थ मांडता येतात आणि परीक्षक मुलाशी समोर बसून बोलतात: हे प्रमाण का, हे फुटलं का. खाण्यात फ्रिज लागणारं चालत नाही, म्हणजे शंकरपाळे आणि चकली अगदी योग्य. कृतीचं कार्ड नेमक्या मापांत हवं, 'अंदाजे' लिहिलं तर गुण जातात.

तुळशीकट्टा
सणांचं मी लिहिते. देवळासाठी डे मॉइनच्या वायव्येला मॅड्रिड गावाजवळ हिंदू टेम्पल अँड कल्चरल सेंटर ऑफ आयोवा आहे. मॅड्रिडच्या उच्चारात जोर पहिल्या अक्षरावर, नाहीतर वाट विचारताना कुणाला कळत नाही. पण दरवेळी शंभर मैल जाणं होत नाही, म्हणून घरचं साहित्य घरीच तयार ठेवा.

दूर्वा म्हणजे इकडचं बर्म्युडा ग्रास. दक्षिणेकडे हिरवळीसाठी त्याचं बी विकतात. उत्तर आयोवाच्या थंडीत ते जमिनीत टिकत नाही, कुंडीत लावा आणि ऑक्टोबरला आत घ्या. तुळस रात्री ५० अंशांखाली जायच्या आधी आत, दक्षिणेच्या खिडकीत. पानांखाली मावा बघत राहा. 'होली बेसिल' म्हणून मिळणारं बी पुष्कळदा कपूर जातीचं असतं, ते एका वर्षाचं झाड. झेंडूची रोपं मेच्या मध्यानंतर जमिनीत लावा, त्याआधी दंव गोठू शकतं. दसरा उशिरा असेल तर ऑक्टोबरच्या थंड रात्री झाडांवर जुनी चादर टाका, नाहीतर तोरणाच्या आदल्या दिवशी फुलं काळी पडतात.

सोन्यासाठी इथे रेडबड आहे. आपटा आणि रेडबड एकाच उपकुळातले. पान हृदयाच्या आकाराचं, आपट्यासारखं दुभंगलेलं नसतं, पण शिरा तशाच देठापाशी एका बिंदूतून पसरतात. दसऱ्याच्या सुमाराला ती पिवळी व्हायला लागतात, मुलांना सोनं म्हणून हातात देताना फार शोभतात.

फटाके आयोवात फक्त १ जून ते ८ जुलै आणि १० डिसेंबर ते ३ जानेवारी या काळात. दिवाळी त्यात बसत नाही, आणि त्या दिवसांत शेतात वाळका मका उभा असतो. अंगणात पणत्याच लावा, वारा फार असतो म्हणून काचेच्या बरण्यांत.

नवीन_बिऱ्हाड
गणपतीचं विसर्जन शेततळ्यात करता येईल का? शाडूची मूर्ती आहे.

पाणवठा
तळं कुणाचं तरी असतं आणि त्यातलं पाणी जनावरं पितात, तेव्हा तिथे नको. पाच गॅलनच्या बादलीत करा. फुलं, दोरे, दागिने आधी काढा. एक फुटाची मूर्ती एक-दोन दिवसांत विरघळते. ते पाणी सिंकमध्ये किंवा न्हाणीघरात मुळीच ओतू नका, शाडू सेप्टिकच्या तळाशी दगडासारखा बसतो. बागेत पसरून ओता, एका जागी थर साचू देऊ नका.

तुळशीकट्टा
ते पाणी रेडबडच्या आळ्याभोवती विरळ पसरा, बुंध्याला लागू देऊ नका. रोप घेताना मिनेसोटा वाणाचं मागा, दक्षिणेकडच्या बियाण्याचं झाड इथल्या पहिल्याच हिवाळ्यात शेंड्यापासून वाळतं. आणि ऑक्टोबर संपायच्या आत बुंध्याभोवती पाव इंची जाळीचं नळकांडं लावा, तीन फूट उंच. दोन फुटी पुरत नाही, बर्फ साचला की ससे त्यावर उभे राहून वरची साल कुरतडतात.